पांढरं कोरल म्हणजे मेलेलं कोरल नाही

मे महिन्याची सुट्टी संपत आली की दादर, पार्ले, ठाणे सगळीकडचे लोक अंदमानचे स्कूबाचे फोटो टाकायला लागतात. त्यात एखादा पांढऱ्याफेक कोरलचा असतोच. त्यावर एक जण म्हणतो "अरेरे, मेलं सगळं", दुसरा म्हणतो "काय सुंदर, बर्फासारखं". दोन्ही चूक. ते बहुतेकदा जिवंत असतं, पण आजारी आणि उपाशी.

मेलेलं कोरल आपण सगळ्यांनी पाहिलंय, कुणाच्या तरी शोकेसमध्ये शंखांच्या बाजूला ठेवलेला फांद्याफांद्यांचा तुकडा, चुन्याचा सांगाडा. गोंधळाचं मूळ तिथेच आहे, कारण तो तुकडा धुऊन, ब्लीच करून पांढरा केलेला असतो. समुद्रात मेलेलं कोरल असं पांढरं राहतच नाही. (मंगळासाठी घालतात ते पोवळं वेगळं, त्याला इथे आणू नका.)

आता खरा मुद्दा. कोरल दगड नाही आणि झाडही नाही, जेलीफिशच्या नात्यातले बारीक बारीक प्राणी आहेत ते, एकमेकांना चिकटून राहणारे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उन्हावर साखर बनवतं, आणि कोरलला लागणाऱ्या ऊर्जेतली 90 टक्क्यांपर्यंत तिथूनच मिळते. रंगही बराचसा त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण 1 अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की शैवालाचं काम बिघडतं आणि कोरल त्याला बाहेर टाकतं. मग उरतं पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात. उकडीच्या मोदकाची पारी पातळ वळली की आतलं सारण दिसतं ना, तसं. पारी अजून शाबूत आहे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर कोरल उपासमारीने मरतं. अंदमानात 1998, 2010 आणि 2016 मध्ये हे झालंय, आणि एप्रिल 2024 मध्ये तर चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. तिथलं पाणी सगळ्यात जास्त तापतं एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, म्हणजे नेमकं आपल्या मुलांच्या सुट्टीत. म्हणून मुंबईकरांच्याच फोटोंत हे जास्त दिसतं.

ओळखायचं कसं? हात न लावता जवळ जाऊन बघा. ब्लीच झालेलं कोरल एकदम चकचकीत पांढरं असतं, पृष्ठभाग मऊसर ओला दिसतो, नीट बघितलं तर बारीक बारीक सोंडाही दिसतात. मेलेल्यावर काही दिवसांत हिरवट-तपकिरी लव चढते, पावसाळ्यात बाणगंगेच्या पायऱ्या शेवाळतात तशी, आणि त्यावर गाळ बसतो. आणि अजून एक, निरोगी कोरल बहुतेक वेळा तपकिरी नाहीतर शेवाळी रंगाचंच असतं! लोक ते बघून "रंगच नाही" म्हणून नाराज होतात. फांद्यांच्या कोरलची फक्त टोकं पांढरी असतील तर तो नवा कोंब आहे, काळजी नको. फोटो निळे येतात ते खाली लाल रंग पोचत नाही म्हणून, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हे मी इतकं ताणून सांगतोय कारण यामुळे नुकसान होतं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात एक काका फोटोसाठी पांढऱ्या गोल कोरलवर चढून उभे होते आणि त्यांचा गाईडच म्हणत होता, उभे राहा, मेलेलंय ते. मी जाऊन सांगितलं, काका, जिवंत आहे, उतरा प्लीज. उतरले बिचारे लगेच, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तसलं गोल कोरल वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर वाढतं, म्हणजे गॅस सिलेंडरएवढं व्हायला कित्येक दशकं. आजारपणात त्यावर पाय किंवा फिन (पोहताना पायात घालतात ते रबरी वल्हं) बसलं तर ती पारी फाटते. मला विचाराल तर तरंगता येत नसेल तर रीफवर, म्हणजे कोरलच्या वस्तीवर, जाऊच नका, आधी वाळूवर सराव करा. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाबरोबरचा शर्ट, घाला. आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत घालू नका, रीफ बांधणारी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत.

त्याच जागी मी डिसेंबरमध्ये परत गेलो. काकांच्या कोरलची एक बाजू पुन्हा तपकिरी झाली होती, सोंडा बाहेर काढून बसलेली. वरच्या भागावर, जिथे पाय होते तिथे, तळहाताएवढी हिरवी लव होती आणि एक छोटा पोपटमासा ती कुरतडत होता.