रेल्वे छायाचित्रण

रेल्वे छायाचित्रण : आगगाड्या, इंजिने, स्थानके व लोहमार्गावरील कामकाज यांची छायाचित्रे हौसेने टिपण्याचा छंद. रेल्वे कंपन्यांच्या प्रसिद्धीसाठी केलेले छायाचित्रण यात सहसा धरत नाहीत.

छंदाचा आरंभ केव्हा मानावा याविषयी एकमत नाही. मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यातील इंजिनांची छायाचित्रे जेम्स मड यांनी १८५६ पासून काढली. आरंभ तेथवर मागे नेता येतो. मात्र ही छायाचित्रे कारखान्याच्या नोंदीसाठी होती आणि त्यांतील इंजिने उभी होती. रसायनाचा थर ओला असतानाच वापराव्या लागणाऱ्या तेव्हाच्या काचपट्टीला प्रकाश इतका वेळ लागे, की धावती गाडी तिच्यावर स्पष्ट उमटणे जवळजवळ अशक्यच. जिलेटिनच्या कोरड्या काचा १८७० च्या दशकाअखेरीस सर्रास मिळू लागल्या, पुढे कॅमेऱ्याची झडपही वेगवान झाली आणि ब्रिटनमधील हौशी मंडळी रुळांकडेला कॅमेरा लावू लागली. त्यामुळे १८८०–९० चा सुमार अधिक ग्राह्य वाटतो. १८९७ मध्ये ‘द रेल्वे मॅगझीन’ निघाल्यावर या छायाचित्रांना वाचकवर्गही लाभला.

सूर्य पाठीशी, इंजिनाचे तोंड व एक बाजू चौकटीत, ही रूढ मांडणी. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा खालच्या स्थितीत असावा, असा जाणकारांचा आग्रह असे. त्यामुळे चाकांचे आरे मोकळे दिसतात. ओ. विन्स्टन लिंक यांनी ही चाकोरी मोडली. ते पेशाने व्यावसायिक छायाचित्रकार. पण अमेरिकेच्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील वाफेची अखेरची वर्षे (१९५५–६०) त्यांनी पदरमोड करून, बहुतांशी रात्री, फ्लॅशबल्बांच्या उजेडात टिपली. गाडीइतकीच लोहमार्गालगतची माणसे त्यांत दिसतात, हे त्यांचे खरे मोल.

भारतात या छंदाला संघटित रूप बरेच उशिरा आले. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी १९८९ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘आयआरएफसीए’ या रेल्वेप्रेमींच्या मंडळाचा त्यात मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात भोर घाट विशेष आवडता. कर्जतपुढे चढ १:३७ (३७ मीटर अंतराला १ मीटर) आहे, म्हणून गाडीच्या शेपटाला मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडतात. मंकी हिलच्या परिसरात पावसाळी ढग उतरले, की इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा (ब्लोअरचा) घोंगावणारा आवाज आधी येतो, दिवा मागाहून दिसतो. कॅमेरा सरसावायला तेवढेच क्षण. वेळापत्रक, सिग्नल आणि प्रकाश यांचा मेळ जमण्यात या छंदाचा आनंद आहे. याच घाटात वर्षानुवर्षे राबलेली डब्ल्यूसीजी-२ जातीची बँकर इंजिने १५०० व्होल्ट डीसी वीजपुरवठा जाऊन २५ किलोव्होल्ट एसी आल्यावर निकालात निघाली. इंजिनाचा क्रमांक दप्तरात राहतो. त्याचा उडालेला रंग, काजळी, खिडकीतला चालक हे मात्र हौशी छायाचित्रांतच सापडते. जुन्या इंजिनांचे जतन करणारे व प्रतिकृतिकार याच छायाचित्रांवरून रंगसंगती ठरवतात.

परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जाणती मंडळी म्हणूनच पादचारी पूल, फाटकाबाहेरचा रस्ता किंवा घाटातली सार्वजनिक वाट पसंत करतात.