सुईण ते अधिपरिचारिका: परिचर्येच्या पेशाची पार्श्वभूमी

रात्री अडीचच्या सुमारास सिस्टर वॉर्डात आल्या आणि वडिलांच्या सलाईनपाशी थांबल्या. मनगटावरचं घड्याळ ड्रिप चेंबरजवळ धरून त्या थेंब मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट. मग अंगठ्यानं रोलर जरासा सरकवला आणि पुन्हा एक मिनिट मोजलं. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत जायची होती. सलाईनच्या त्या नळीतून २० थेंब पडले की एक मिलिलिटर होतो, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हृदय अशक्त असलेल्या माणसाला हेच सलाईन भरभर गेलं तर फुप्फुसात पाणी साठू शकतं. मी विचारलं म्हणून त्यांनी हा हिशेब सांगितला. एरवी त्या मोजून पुढच्या खाटेकडे निघून गेल्या असत्या. सकाळी काका भेटायला आले, थोडा वेळ बसले आणि जाताना म्हणाले, "सिस्टर फार मायाळू आहेत हो." माया होतीच. पण रात्रभर वडिलांना सांभाळलं ते त्या हिशेबानं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच. उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. ज्ञान पहिलं आहे, कौशल्य दुसरं. अनुराग तिसऱ्या जागी येतो. आपल्या समाजानं पुढे या चारांतला तिसराच गुण तेवढा लक्षात ठेवला, आणि या पेशाची बरीचशी दुखणी तिथून सुरू होतात असं मला वाटतं.

इंग्रजी इस्पितळं येण्याआधी घरातल्या आजाऱ्याचं सगळं घरच्या बायकाच करत. बाळंतपणाला मात्र सुईण लागायची. मूल अडलं तर रात्री-अपरात्री तिला बोलवायचं, तिच्या हाताच्या अंदाजावर बाळ-बाळंतीण सोपवायची, आणि काम झालं की तिचा स्पर्श विटाळाचा ठरवायचा. रक्त, लघवी, पू, परक्या माणसाचं उघडं अंग या सगळ्याला हात लावणारी बाई कमी प्रतीची, हा समज पांढऱ्या गणवेशातल्या नर्सच्या वाट्याला आयता आला. रात्रपाळीनं त्यात भर घातली. रात्री घराबाहेर राहणाऱ्या बाईबद्दल गाव काय बोलतं हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत जे. जे. हॉस्पिटल १८४५ मध्ये उभं राहिलं. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच साली सुरू झालं. शुश्रूषेच्या रीतसर शिक्षणाला पुढे चार दशकं लागली. मधल्या काळात ऑल सेंट्स या अँग्लिकन संघाच्या नन हे काम बघू लागल्या होत्या. 'सिस्टर' हा शब्द अशा धर्मभगिनींकडून आला आणि त्यांच्याबरोबर अविवाहित, निरिच्छ, सेवेला वाहिलेल्या बाईची प्रतिमाही आली. लष्करी इस्पितळांसाठी दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्सेस २८ मार्च १८८८ रोजी मुंबई बंदरात उतरल्या. आजच्या लष्करी परिचर्या सेवेचं मूळ तिथे आहे. लग्न न करण्याची अट किती चिवट होती ते याच सेवेत दिसतं. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढून टाकलेल्या एका महिला अधिकाऱ्याला सरकारनं ६० लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून १८९१ साली बाई काशीबाई गणपत यांचं नाव नोंदलेलं आहे. या नावापलीकडे त्यांच्याविषयी फारसं काही वाचायला मिळत नाही, याची मला कायम खंत वाटते. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेत भेटतात, काशीबाई भेटत नाहीत. पुढे सहाच वर्षांनी पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. सावित्रीबाई फुले यांनी नर्सचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, पण मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत राहिल्या, त्यांची शुश्रूषा करत राहिल्या आणि त्याच आजारानं १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात परिचर्येची शाळा काढली. त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांना माहीत आहे. क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून त्यांनी सरकारला हलवलं आणि १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं पहिली स्त्री सदस्य म्हणून त्यांची निवड केली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इथेही दिवा लक्षात राहिला आणि हिशेब विसरला गेला. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, तरी मुंबई इलाख्याशी त्यांचा धागा होता. दयाराम गिडूमल यांनी लिहिलेल्या समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. याच मलबारी आणि गिडूमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था काढली, आणि दुसऱ्या वर्षी रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात.

पुण्याच्या सेवासदनाचं काम मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. रमाबाईंनी मध्यमवर्गीय घरांतल्या, त्यातही विधवा झालेल्या मुलींना नर्सिंग शिकण्यासाठी ससून हॉस्पिटलात पाठवायला सुरुवात केली. त्या काळच्या ब्राह्मण घरातली सोवळ्यातली विधवा डोळ्यांसमोर आणा. तिनं स्वयंपाकघरात कोंडून राहायचं, कुणाला दिसायचं नाही. तीच मुलगी आता जातीपातीचा विचार न करता परक्या पुरुषाच्या जखमेवर पट्टी बांधणार, बेडपॅन उचलणार आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच्या कमाईचे पैसे हातात घेणार. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीनं पाठराखण केली म्हणून काही घरांनी होकार दिला. एरवी कोण धजलं असतं?

दुसरी वाट मिशनची. डॉ. विल्यम वान्लेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उघडलं. वाई, वेंगुर्ले, नागपूर इथेही मिशनची इस्पितळं होती. तिथे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या आणि मिशनच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या मुली शिकल्या. त्यांना विटाळाची भीती घालणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या पुढे गेल्या. केरळातही ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुलींनी आधी हा पेशा धरला, आणि मुंबईच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मल्याळी सिस्टर का भेटतात याचं मूळ तिथे आहे.

नोंदणीचा पहिला कायदा १९२६ मध्ये मद्रास इलाख्यानं केला, मुंबईचा १९३५ मध्ये आला. तरी संख्या अगदीच तुटपुंजी होती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स असं प्रमाण दिलं आहे. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली, आणि १९४७ च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद आली. पदवी आली तरी बहुतेक मुली हॉस्पिटलच्या शाळेतच शिकत होत्या. तिथे होस्टेल, विद्यावेतन, कॅप आणि मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा, धाक असे, आणि विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डाचं बिनबोभाट मनुष्यबळ. दिवसभर ड्यूटी करायची आणि उरलेल्या वेळात तास. जुन्या सिस्टर त्या दिवसांबद्दल अभिमानानं बोलतात, थकव्याचं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

या पेशाची गोष्ट अरुणा शानबाग यांच्याशिवाय पुढे नेता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात पंचवीस वर्षांच्या या परिचारिकेवर तिथल्याच एका वॉर्डबॉयनं अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. सुरक्षिततेसाठी नर्सेस संपावर गेल्या. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या वॉर्ड चारलगतच्या खोलीत होत्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. दर काही तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, दाब पडतो ती जागा रोज तपासणं यात एक पाळी जरी ढिली पडली तरी बेडसोअर सुरू होतो. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा सदतीस वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नसल्याचं समोर आलं. ज्यांनी त्यांना धडधाकट पाहिलंही नव्हतं अशा नर्सेसनी पिढ्यानपिढ्या हे काम पुढे सोपवलं. याला नुसती माया म्हणून भागत नाही. ही परिचर्येच्या शास्त्रातली अत्यंत अवघड कामगिरी आहे.

आज शिक्षणाच्या वाटा बऱ्याच मोकळ्या झाल्या आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आणि सुईणीचा अभ्यासक्रम. गावाकडच्या उपकेंद्रात लसीकरण, गरोदर बायांची तपासणी आणि बाळंतपणं बघणाऱ्या नर्सबाई बहुधा याच वाटेनं येतात. तीन वर्षांच्या जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) कुठल्याही शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते आणि पदवी बहुतेकींना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिकनं पदवी घेता येते, पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी मुली नोकरी सांभाळत अशा पायरी-पायरीनं वर गेल्या आहेत. प्रवेश घेण्याआधी संस्थेची परिषदेकडची मान्यता आणि जोडलेल्या हॉस्पिटलातल्या खाटा नीट बघाव्यात. ज्या कॉलेजाला भरलेला वॉर्ड नाही तिथे हात बसत नाही, आणि हात न बसलेल्या मुलीला पहिल्या रात्रपाळीत फार सोसावं लागतं.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याची नोंदणी आर.एन. (रजिस्टर्ड नर्स) आणि आर.एम. (रजिस्टर्ड मिडवाइफ) अशी दुहेरी होते. दुसरी नोंद दाईची, म्हणजे सुईणीची. विटाळ म्हणून बाजूला ठेवलेली विद्या आता प्रमाणपत्रावर आहे. सरकारी कागदावर पदांची नावंही बदलली: स्टाफ नर्सची अधिपरिचारिका, वॉर्ड सिस्टरची परिसेविका, मेट्रनची अधिसेविका. मुलगेही येतात, वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. पगाराचं चित्र मात्र दुभंगलेलंच आहे. सरकारी नोकरी लागली तर घर उभं राहतं. छोट्या खाजगी नर्सिंग होममध्ये तेच शिक्षण, तीच रात्रपाळी, आणि हातात किती पडतं ते सांगायला मुली संकोचतात. मुलगी जर्मनीला किंवा आखातात जायचं म्हणते तेव्हा तिला देश सोडल्याचा बोल लावणाऱ्यांनी आधी तिची पगाराची स्लिप बघावी.

वडिलांना घरी सोडलं त्या दिवशी सिस्टरनी आईला समोर बसवलं. पाच गोळ्या, त्यांच्या वेळा, पाणी किती प्यायचं, पायावर सूज आली तर काय करायचं, रोज वजन कधी करायचं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, काकू." आईनं रात्रीची एक गोळी गाळली. सिस्टरनी पाकीट पुन्हा तिच्या हातात दिलं आणि पहिल्यापासून म्हणायला लावलं.