खिशातील भाषांतरयंत्र

खिशातील भाषांतरयंत्र म्हणजे एका भाषेतले बोलणे ऐकून ते दुसऱ्या भाषेत बोलून दाखवणारे, तळहातावर मावणारे उपकरण. परदेशी निघालेल्या प्रवाशासाठी ते तयार झाले. त्यामुळे गोव्यात ते बहुधा पाहुण्याच्या हातात दिसते. पेडणे तालुक्यातल्या मोरजी आणि हरमल या किनारी गावांत रशियन प्रवासी मोठ्या संख्येने उतरतात, आणि तिथल्या दुकानदाराच्या तोंडासमोर असे यंत्र किंवा तेच काम करणारा मोबाइल धरला जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही.

1970च्या दशकाच्या अखेरीस आलेली यंत्रे म्हणजे बटणांचे शब्दकोशच होते. जपानच्या सोर्सनेक्स्ट कंपनीने डिसेंबर 2017 मध्ये आणलेल्या ‘पॉकेटॉक’पासून बोलक्या यंत्रांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे मोबाइलवरची मोफत अॅप तेच काम करू लागली, तरी स्वतंत्र यंत्राला गिऱ्हाईक उरले. अनोळखी माणसाच्या हाती आपला फोन द्यावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

बटण दाबून बोलले की आवाजाचा आधी मजकूर होतो, मग मजकुराचे भाषांतर होते आणि शेवटी ते कृत्रिम आवाजात वाचले जाते. बहुतेक यंत्रांत यातले जड काम इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर होते. नेटवर्क गेले की यंत्र मुके होते किंवा मोजक्या भाषांवर भागवते. पहिल्याच पायरीवर ऐकण्यात चूक झाली, तर पुढच्या दोन पायऱ्या ती इमानेइतबारे पुढे नेतात. समुद्राचा वारा आणि शॅकमधले (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीतले) संगीत या चुकीला चांगलीच मदत करतात.

गोव्याची खरी अडचण भाषेची आहे. 1987च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा मिळाली. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी 2013 मध्ये आली, कोकणी थेट मे 2022 मध्ये. तीही लेखी; आणि लिहिलेले वाचता येणे वेगळे, मासळीवालीचे भरभर बोलणे कळणे वेगळे. त्यामुळे दुकानदार यंत्राशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतो. म्हणजे भाषांतर आधी माणूस करतो, मग यंत्र.

यात काय हरवते? स्कूटर भाड्याने देणारा हिंदीत नुसते ‘कल, दस बजे’ म्हणतो. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही; वाक्यात क्रियापद नसेल तर यंत्राला अंदाजच बांधावा लागतो. कोकणीत ‘काल’ आणि ‘फाल्यां’ सरळ वेगळे आहेत. आपल्या मराठीतही काल-उद्याचा घोळ नाही, पण ‘परवा’ दोन्हीकडे जातो. कोकणीने तिथेही ‘पयर’ आणि ‘परवां’ असे दोन शब्द राखले आहेत, हे मराठी माणसाने मुकाट्याने मान्य करावे.

दुसरी गंमत लिंगाची. ‘मी आलो’, ‘मी आले’ हा फरक रशियन भूतकाळातही आहे. पण मधली भाषा इंग्रजी असली की तो पुसला जातो आणि बाईचे वाक्य पुरुषाचे होऊन बाहेर पडते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तेच: रशियनमध्ये दोन्ही, मराठीत दोन्ही, मध्ये एकच ‘यू’. आजीला ‘तू’ ऐकावे लागते ते पाहुण्याच्या उद्धटपणामुळे नव्हे.

स्थानिक शब्दांपुढे यंत्र बहुधा हरते. गोव्यात ‘पायलट’ म्हणजे भाडे घेऊन मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा चालक. यंत्राच्या लेखी तो विमान चालवतो. घरोघर पाव आणणारा ‘पोदेर’ मूळ पोर्तुगीज शब्दातून आला, पण त्याचे कोकणी रूप पोर्तुगीजवर लावलेल्या यंत्रालाही ओळखता येईलच असे नाही.

वाक्ये छोटी, क्रियापदासह आणि एका वेळी एकच बोलावीत. मराठीत आणि कोकणीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो (‘यात काजू घालू नका’), म्हणून बोलणे संपण्याआधी बटण सोडले तर नेमका अर्थ उलटतो. काजूची किंवा कोळंबीची अॅलर्जी असेल तर यंत्रावर विसंबू नये. जाणकाराकडून कागदावर लिहून घेतलेली ओळ स्वयंपाकघरापर्यंत पोचते. भाव ठरवायला तर यंत्र लागतच नाही. म्हापशाच्या बाजारात विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून समोर धरते, गिऱ्हाईक तो खोडून आपला दाबते.