डिव्हाइस ट्रीच्या नोंदी क्रमाने का लावाव्या लागतात?

डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्रात कोणती उपकरणे आहेत हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारी झाडासारखी मांडणी. एखाद्या यंत्रावर चालू असलेल्या या डिव्हाइस ट्रीचा उतारा काढावा, मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा मध्यवर्ती भाग) नवा टाकून तोच उतारा पुन्हा काढावा आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावेत. हार्डवेअर तेच, फर्मवेअर (यंत्र सुरू करून देणारे अंगभूत सॉफ्टवेअर) तेच, तरीही शेकडो ओळी वेगळ्या निघतात. थोडे निरखून पाहिले की कळते, मजकूर एका अक्षराने बदललेला नाही. फक्त ओळींनी जागा बदलल्या आहेत. अशा वेळी डीटीसी या डिव्हाइस ट्री कंपायलरचा ‘सॉर्ट’ पर्याय लावायचा आणि मोकळे व्हायचे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मुळात क्रम गेला कुठे, ही गोष्ट त्या पर्यायापेक्षा बरीच जुनी आहे.

सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेत लिहिलेले ओपनबूट हे फर्मवेअर १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ बरोबर बाहेर पडले. यंत्रात काय काय बसवले आहे याची माहिती झाडाच्या रूपात ठेवायची, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. प्रत्येक उपकरण म्हणजे एक नोड, त्याच्या पोटात त्याला जोडलेली उपकरणे, आणि प्रत्येक नोडवर त्याचे गुणधर्म, म्हणजे प्रॉपर्टी. पुढे याचेच आयईईई १२७५ हे १९९४ चे मानक झाले आणि ओपन फर्मवेअर हे नाव रुळले. ॲपलचे पॉवरपीसी मॅक आणि आयबीएमचे पॉवर सर्व्हर याच वाटेने आले. मानक पुढे नूतनीकरणाअभावी मागे घेतले गेले. झाड मात्र टिकले.

ओपन फर्मवेअरमध्ये हे झाड जिवंत असे. ऑपरेटिंग सिस्टीम फर्मवेअरला विचारी: या नोडचे पहिले मूल कोणते? त्याचे पुढचे भावंड कोणते? भावंडांना ‘पुढचे’ असा शब्द आहे म्हणजेच त्यांना क्रम आहे. तो क्रम अर्थपूर्ण आहे असे कोणी वचन दिले नव्हते, पण तो होता आणि प्रत्येक वेळी तोच मिळत होता. ज्याचे वचन नाही पण जे नेहमी मिळते, त्यावर सॉफ्टवेअर हळूच विसंबू लागते. या प्रकरणातला बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

पॉवरपीसीवरच्या लिनक्सने हे झाड वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना दाखवण्यासाठी युनिक्सच्या स्वभावाला शोभेलसा मार्ग निवडला. प्रॉक या आभासी फाइलसिस्टिममध्ये ‘डिव्हाइस-ट्री’ नावाची डिरेक्टरी आली. नोड म्हणजे डिरेक्टरी, प्रॉपर्टी म्हणजे फाइल, प्रॉपर्टीची किंमत म्हणजे फाइलमधले बाइट. कोणतेही खास साधन न घेता नेहमीच्या आज्ञांनी झाड चाळता येऊ लागले. मला आजही ही रचना सुंदर वाटते. पण या रूपांतरात काही गोष्टी सांडल्या. किंमत आकडा आहे की अक्षरमाला हे फाइलला सांगता येत नाही, त्यामुळे परत वाचणाऱ्याला बाइट पाहून अंदाज बांधावा लागतो. एकाच नावाचा नोड आणि प्रॉपर्टी शेजारी असतील तर डिरेक्टरीत दोघांना जागा नाही, म्हणून कर्नल एकाच्या नावाला शेपूट जोडतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे क्रम.

डिरेक्टरीला क्रम नसतो, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटते, कारण ‘एलएस’ आज्ञा दिली की नावे अकारविल्हे येतात. पण ते काम ‘एलएस’ स्वतः करते. खाली जी ‘रीडडिर’ची हाक असते ती नोंदी ज्या ओघात सापडतील त्या ओघात देते, आणि पॉसिक्स मानक त्या ओघाबद्दल काहीही सांगत नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे सोळा बाइटच्या खणांची एक फाइल होती: दोन बाइट आयनोडचा (फाइलच्या नोंदीचा) क्रमांक, चौदा बाइट नाव. फाइल पुसली की खण रिकामा होई आणि पुढची कोणतीही फाइल त्यात जाऊन बसे. नंतर ईएक्सटी३ मध्ये नावाच्या हॅशवरून (नावापासून गणिताने काढलेल्या आकड्यावरून) शोध घेण्याची सोय आली, तेव्हा मिळणारा ओघ माणसाच्या नजरेला निव्वळ पिसलेल्या पत्त्यांसारखा झाला. ज्यांचे प्रोग्रॅम ‘नोंदी बनवलेल्या क्रमानेच मिळतात’ यावर उभे होते ते तेव्हा उघडे पडले.

डिव्हाइस ट्रीच्या बाबतीत हीच पाळी २०१४ मध्ये आली. ३.१५ या कर्नलपासून डिव्हाइस ट्री सिसएफएस या दुसऱ्या आभासी फाइलसिस्टिममध्ये, फर्मवेअरच्या शाखेखाली राहायला गेली आणि प्रॉकमधला जुना पत्ता नुसता दुवा उरला. (कर्नलचे दस्तऐवज आजही प्रोग्रॅमनी जुन्याच पत्त्याने यावे असे सांगतात. पत्ता जुना, घर नवे.) सिसएफएसच्या खाली असणारा कर्नएफएस प्रत्येक डिरेक्टरीतल्या नोंदी एका संतुलित झाडात ठेवतो, आणि त्या झाडातली तुलना आधी नावाच्या हॅशवर होते. म्हणजे ‘रीडडिर’ने मिळणारा ओघ हा हॅशचा ओघ. फर्मवेअरने कोणाला आधी ठेवले होते याचा तिथे मागमूस नाही. वर म्हटलेले, कर्नल बदलताच उताऱ्याच्या ओळी हलण्याचे कोडे अशाच बदलांमधून येते.

आता या डिरेक्टरीतून झाड परत बांधण्याची गरज कोणाला पडते? एक ताडून पाहणाऱ्या माणसाला, आणि दुसरी, जास्त नाजूक, केएक्सेकला.

केएक्सेक म्हणजे फर्मवेअरकडे परत न जाता, चालू कर्नलमधूनच दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारण्याची सोय. ती २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आली. ओपन फर्मवेअरच्या यंत्रांवर तिच्यापुढे अडचण होती: पहिला कर्नल सुरू होताना फर्मवेअरला झोपवतो, मग दुसऱ्याने यंत्राची माहिती विचारायची कोणाला? त्याच सुमारास बेंजामिन हेरेनश्मिट यांनी सपाट केलेल्या डिव्हाइस ट्रीची मांडणी पुढे आणली. सगळे झाड एका सलग बायनरी गठ्ठ्यात घालायचे आणि तो गठ्ठा कर्नलच्या हाती द्यायचा. ओपन फर्मवेअर नसलेल्या बोर्डांचीही यातून सोय झाली. त्याच वर्षी डेव्हिड गिब्सन यांनी लिहिलेला डीटीसी मजकुरापासून हा गठ्ठा बनवू लागला, गठ्ठ्यापासून मजकूर, आणि डिरेक्टरी वाचून दोन्ही. एआरएमच्या जगाने २०११ नंतर हेच स्वीकारले आणि डिव्हाइस ट्री सर्वतोमुखी झाली. पण तो वेगळा, लांबलचक विषय आहे.

केएक्सेकच्या साधनसंचात डिरेक्टरीपासून सपाट गठ्ठा बनवणारा एक छोटा भाग आहे. गठ्ठ्याच्या नियमानुसार नोडच्या सगळ्या प्रॉपर्टी आधी आणि पोटनोड नंतर यावे लागतात. त्यामुळे हा भाग एका डिरेक्टरीतल्या फाइली आधी उचलतो, मग आतल्या डिरेक्टऱ्यांत शिरतो. इथवर सरळ आहे. प्रश्न येतो तो भावंडांचा. पॉवरपीसीवर कर्नल झाडातले प्रोसेसरचे नोड ज्या क्रमाने भेटतील त्या क्रमाने त्यांना आपले अनुक्रमांक देत आला आहे. पहिल्या कर्नलने फर्मवेअरचा क्रम पाहिला आणि दुसऱ्याने हॅशचा, तर दोघांच्या लेखी ‘प्रोसेसर ३’ वेगवेगळा ठरू शकतो. त्यात दुसरा कर्नल पहिला कोसळल्यावर त्याच्या स्मृतीचा पंचनामा करायला आलेला असेल, तर हा गोंधळ अगदी नको त्या वेळी होतो.

म्हणून हा भाग नुसत्या ‘रीडडिर’ऐवजी ‘स्कॅनडिर’ वापरतो, जी सगळ्या नोंदी गोळा करून, दिलेल्या तुलनेनुसार लावून देते. तुलना कोणती द्यायची, हीच खरी मेख आहे. साध्या अकारविल्हे तुलनेने काम भागत नाही. नोडच्या नावात ‘@’ नंतर त्याचा पत्ता असतो, तो सोळा पायाच्या अंकांत आणि सहसा आधी शून्ये न जोडता. आयबीएमच्या पॉवर८ प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात (कोअरमध्ये) आठ धागे (थ्रेड) असल्याने प्रोसेसर नोडचे पत्ते ०, ८, १०, १८, २० असे आठाआठाने चढत जातात. अक्षर-अक्षर तुलना केली तर १०, १८ आणि २० हे सगळे ८ च्या आधी येऊन बसतात, कारण पहिले अक्षर पाहूनच निकाल लागतो. फाइलींना ‘चित्र१०’ आणि ‘चित्र९’ अशी नावे दिलेल्या कोणालाही हे दुखणे ओळखीचे असेल.

त्यावरची युक्ती मोठी टापटीप आहे. दोन नावांत ‘@’ च्या आधीचा भाग सारखा असेल आणि लांबी वेगळी असेल, तर आखूड नाव आधी. लांबी सारखी असेल तरच अक्षरे ताडायची. आधी शून्ये नाहीत, त्यामुळे आखूड म्हणजे लहान आकडा. समान लांबीच्या आकड्यांत अक्षरक्रम आणि आकड्यांचा क्रम एकच, कारण अस्कीमध्ये अंक इंग्रजी अक्षरांच्या आधी येतात आणि सोळा पायाच्या पद्धतीतही नऊच्या पुढे ‘ए’ लागतो. आकडा उलगडून वाचण्याची गरजच पडत नाही. फर्मवेअरचा मूळ क्रम यातून परत मिळतो असे नाही, तो डिरेक्टरी बनली तेव्हाच गेला. पण प्रोसेसर सहसा चढत्या पत्त्याने मांडलेले असतात, म्हणून हा कयास बहुधा जागेवर बसतो.

डीटीसीचा ‘सॉर्ट’ पर्याय मात्र साधी अक्षरतुलनाच करतो, नोडवर आणि प्रॉपर्टीवरही. आणि तेच बरोबर आहे, कारण त्याचा ग्राहक कर्नल नसून ताडून पाहणारा माणूस आहे. त्याला ८ आधी की १० आधी याने फरक पडत नाही. दोन्ही उताऱ्यांत तोच नियम लागला की पुरे. डीटीसीबरोबर येणारी ‘डीटीडिफ’ ही स्क्रिप्ट दोन्ही बाजू अशाच लावून घेते. कर्नलमधली ‘डीटीएक्स-डिफ’ हीदेखील न सांगता लावते, आणि लावायचे नसेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

तुलना करणाऱ्या तयार फंक्शनबद्दल एक सावधगिरी. ‘स्कॅनडिर’बरोबर अनेकजण ‘अल्फासॉर्ट’ सवयीने जोडतात. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये २.१ पासून ते वापरकर्त्याच्या लोकेलनुसार (भाषा-प्रदेशाच्या निवडीनुसार) तुलना करते. प्रोग्रॅमने लोकेल स्वीकारलेले असेल तर एकच साधन दोन खात्यांवर दोन क्रम देऊ शकते, म्हणजे ज्या रोगावर औषध घेतले तोच रोग पुन्हा. वरच्या दोन्ही साधनांनी बाइट ताडणारी तुलना वापरली आहे, आणि अशा कामाला तीच योग्य.

या सगळ्याला वळसा घालणारी वाटही आली. ३.१९ पासून कर्नल मूळ सपाट गठ्ठा जसाच्या तसा एका फाइलमधून देतो, क्रमासकट. पॉवरपीसीवर ४.१० पासून केएक्सेकची नवी सिस्टीम कॉलही आहे. तीत झाड पुढे देण्याचे काम कर्नल स्वतःच करतो, त्यामुळे डिरेक्टरी वाचायची वेळच येत नाही. तरी जुना कोड निवृत्त झालेला नाही. मूळ गठ्ठा म्हणजे यंत्र सुरू होतानाचे चित्र. चालू यंत्रात प्रोसेसर किंवा स्मृती काढली-घातली, वर एखादा ओव्हरले (झाडात भर घालणारा तुकडा) चढवला, तर तो बदल डिरेक्टरीत दिसतो, गठ्ठ्याच्या फाइलमध्ये नाही. यंत्राचे आत्ताचे रूप वापरकर्त्याच्या बाजूने हवे असेल, तर आजही डिरेक्टरीतच शिरावे लागते, आणि तिथे गेले की नोंदी आपल्या आपणच लावून घ्याव्या लागतात.