महालेखापरीक्षक: पेनसिल्व्हेनियाचा आणि आपला

अमेरिकेतल्या ‘पेनसिल्व्हेनिया राज्याचे महालेखापरीक्षक’ असं बातमीत वाचलं की आपल्याला लगेच कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, आठवतात. सरकारी पैसा कुठे गेला हे दोघंही तपासतात. पण त्या खुर्चीत माणूस येतो कसा आणि उठल्यावर जातो कुठे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पेनसिल्व्हेनियात हे पद मतदार देतात. मुदत चार वर्षांची, लागोपाठ दोनदाच. पक्षाची उमेदवारी मिळवायची, राज्यभर प्रचार करायचा. युजीन डीपास्क्वाले हे आधी आमदार, मग 2013 ते 2021 या पदावर. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर 2015 या एका वर्षात सुमारे 42,000 फोन उचललेच गेले नव्हते, हे त्यांच्या ऑडिटने 2016 मध्ये उघड केलं. कुणी शिक्षिका, कुणी शेजारी रिसीव्हर कानाला लावून थांबलेत आणि पलीकडे नुसती रिंग वाजतेय. ऑडिट कशासाठी असतं, हे मला या एका आकड्यातून जितकं कळलं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळलं नाही.

तिथे हे पद पुढची पायरीही ठरतं. बॉब केसी 1969 ते 1977 महालेखापरीक्षक होते, 1987 मध्ये गव्हर्नर झाले. त्यांच्याच नावाचा मुलगा 1997 ते 2005 त्याच खुर्चीत बसला, मग राज्याचा कोषाध्यक्ष झाला आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोचला.

आपल्या कॅगला राष्ट्रपती नेमतात. मुदत सहा वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते. पदावरून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच कठीण प्रक्रिया. आणि राज्यघटनेचं कलम 148 म्हणतं, पद सोडल्यावर केंद्राची वा राज्याची नोकरी नाही. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडूनच उद्याच्या पदाची आशा नको, म्हणून. तरी 1990 मध्ये कॅगपदावरून निवृत्त झालेले त्रिलोकीनाथ चतुर्वेदी पुढे राज्यसभेत गेले, 2002 मध्ये कर्नाटकचे राज्यपाल झाले. ही पदं सरकारी नोकरी मानली जात नाहीत, म्हणून नियमात ते बसतं, पण मला खटकतं.

अहवालाची वाटही वेगळी. डीपास्क्वाले पत्रकार परिषद घेऊन निष्कर्ष स्वतः सांगायचे. कॅगचा महाराष्ट्राबद्दलचा अहवाल आधी राज्यपालांकडे, मग विधिमंडळात, तिथून आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो. सभागृहात तो अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी येतो आणि त्यावर बोलायला वेळच उरत नाही.