गुप्तलेखनाच्या सोप्या पद्धती

गुप्तलेखन : मजकूर ज्याच्यासाठी आहे त्यालाच वाचता यावा, वाटेत भलत्याच्या हाती पडला तरी त्याला काही कळू नये, अशा रीतीने लिहिण्याची पद्धत. यात दोन गोष्टी येतात आणि बोलण्यात त्यांची नेहमी गल्लत होते. संकेत, म्हणजे कोड, हा शब्दाच्या किंवा वाक्याच्या पातळीवर चालतो. कूट, म्हणजे सायफर, अक्षराच्या पातळीवर. रेल्वे नागपूरला ‘एनजीपी’ म्हणते तो संकेत आहे, पण त्यात लपवलेले काही नाही. तारखात्यात शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना क्रमांक होते. पाठवणारा क्रमांक लिहून देई आणि घेणाऱ्याच्या हाती पूर्ण वाक्य पडे. तोही संकेतच, फक्त हेतू पैसे वाचवण्याचा. ही तारसेवा २०१३ साली बंद झाली.

कुटाचा सर्वांत सोपा नमुना ज्यूलियस सीझरच्या नावाने ओळखला जातो. तो प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे. मराठीत क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने धरली आणि ळ नंतर पुन्हा क वर आलो, तर ‘नागपूर’चे ‘बाचभूश’ होते: न चा ब, ग चा च, प चा भ, र चा श. किती घरे सरकायचे हा आकडा म्हणजे या कुटाची किल्ली. किल्ल्या अवघ्या ३३. दुपारच्या फावल्या वेळात कुणीही त्या सगळ्या लावून पाहू शकतो.

मराठीत याहून मोठी अडचण मात्रांची आहे. व्यंजने बदलली तरी काना, मात्रा, वेलांटी, उकार जागच्या जागी राहतात, आणि शब्दाचा सांगाडा उघडा पडतो. ‘बाचभूश’मध्ये पहिल्यावर काना आणि तिसऱ्यावर दीर्घ उकार आहे. शहराचे नाव आहे एवढे माहीत असले की चार अक्षरी ‘नागपूर’ सुचायला वेळ लागत नाही. वाक्याची अखेर तर फारच घात करते. मराठी वाक्य ‘आहे’वर संपते, वरच्या किल्लीने त्याचे ‘आखे’ होते. चार ओळींच्या अखेरीस ‘आखे’ दिसले की ह चा ख झाला हे उमगते आणि एका अक्षरासरशी सगळे कूट सुटते. चिठ्ठी नागपुरी बोलीत असेल तर आणखी सोपे. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिलो’ अशी क्रियापदे इथे श्वासागणिक येतात, तेव्हा ‘घशूब शाखिषा’ वाचून जाणकाराने पहिली शंका ‘राहिला’चीच घ्यावी. मागोमाग चा, ची, चे हे प्रत्यय शोधावेत.

अक्षरे क्रमाने न सरकवता मनाला येईल तशी अदलाबदल केली, तर किल्ल्यांची संख्या अफाट होते. तरीही अशी कुटे सुटतात. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने त्यामागचे कारण लिहून ठेवले: प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित; वेश बदलला तरी त्यांचे येणे-जाणे बदलत नाही. यावरचा उपाय युरोपात सोळाव्या शतकात निघाला. एकच आकडा न वापरता आकड्यांची मालिका फिरवत राहायची. ३, १, ५ ही किल्ली घेतली तर ‘नागपूर’ ‘बाघयूश’ होते, आणि मजकुरातले प्रत्येक र वेगवेगळ्या जागी वेगवेगळे अक्षर होऊन बसते. किल्ली मात्र स्वतःची असावी. नागपूरचा दूरध्वनी क्रमांक ०७१२ कुणीही पहिल्यांदा लावून पाहील. किल्ली मजकुराइतकी लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली असेल तर ते कूट फुटू शकत नाही, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात गणिताने सिद्ध केले.

दुसरी तऱ्हा अक्षरे न बदलता त्यांच्या जागा बदलण्याची. ‘संत्रा मार्केट’ एक आड एक अक्षर दोन ओळींत लिहून सलग उतरवले की ‘संमाट त्रार्के’ होते. जोडाक्षर फोडू नये, नाहीतर वाचणाऱ्याचाच गोंधळ होतो.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला येते. यशोधराच्या टीकेत तिचा ‘मूलदेवीय’ हा प्रकार सांगितला आहे: अ-क, ख-ग, च-ट, त-प, य-श अशा जोड्या ठरवायच्या आणि जोडीतली अक्षरे एकमेकांच्या जागी लिहायची. करपल्लवीत हाताने बोलतात. सापाची फणा, म्हणजे अहिफण, दाखवली की स्वर, कमळ दाखवले की क-वर्ग, चक्र दाखवले की च-वर्ग. खुणेच्या नावाचे आद्याक्षर वर्ग सांगते, बोटे वर्गातला क्रमांक सांगतात आणि चुटक्या मात्रा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसला संदेशासाठी पाच बाय पाचची चौकट आखावी लागली. आपल्या वर्णमालेत ती आयतीच पाठ असते. हीच रीत कागदावर आणली तर मात्रांचा घोळही मिटतो. वर्ग, वर्गातले स्थान आणि स्वराचा क्रम असे तीन आकडे लिहावेत: ‘नागपूर’ म्हणजे ४५२ १३१ ५१६ ६२१. मराठीसाठी हाताने करायच्या सोप्या कुटांत मला हे सर्वांत सुबक वाटते. आकड्यांवर पुन्हा एखादी किल्ली चढवली की ते बरेच भक्कमही होते.

बोलण्यातही अशा युक्त्या आहेत. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. गिऱ्हाईक समोर उभे असताना भाव असा बोलला जाई. विसोबा खेचर यांच्या नावावरील एका अभंगात हेच शब्द घेऊन पंचमुखी, त्रिनेत्री, दशभुज शंकराचे वर्णन केले आहे. बैलबाजारात तर रुमालाखाली बोटे धरूनच सौदा होतो. शाळकरी मुलांची ‘च’ची भाषा सगळ्यांना माहीत आहे: ‘तुझं नाव काय’चे ‘चुझंत चावन चायक’, आणि ‘नागपूर’चे ‘चागपूरन’. पहिले व्यंजन शेवटी जाते, त्याची मात्रा च घेतो. ही पोरखेळाची गोष्ट असली तरी अक्षरबदल आणि स्थानबदल दोन्ही तिच्यात आहेत.

मराठीतील गुप्तलेखनाचा सर्वांत मोठा अध्याय विदर्भात घडला. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र, सुभद्रा अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सकळ लिपी रवळोबासांनी तयार केली अशी परंपरा आहे. पंथाबाहेरच्यांच्या हाती पोथी पडू नये हा हेतू, आणि तो इतका साधला की तेराव्या शतकातले मराठी गद्य, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रासकट, कित्येक शतके मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिले. रिद्धपूर-माहूर परिसरातल्या मठांत पोथ्या जपल्या जात होत्या, त्यांची पूजाही होत होती, पण किल्ली पंथीयांपाशीच. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिप्यांचा उलगडा केला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातीची पाने नव्याने लिहावी लागली. नागपूर या अभ्यासाचे मोठे केंद्र ठरले. ह. ना. नेने यांनी इथे लीळाचरित्राचे संपादन केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्य या साहित्याला दिले, आणि त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मागे म्हाइंभटांपासून पुढे कोलत्यांपर्यंत जी माणसे उभी आहेत, त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता दाटून येते: लिहिणाऱ्यांनी जिवापाड लपवले, नकलकारांनी अक्षर न अक्षर जपले, आणि उलगडणाऱ्यांनी तितक्याच निष्ठेने वाचले.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावर मोडीतले कागद निघाले की ‘ही गुप्त लिपी आहे’ असे म्हटले जाते. मोडी गुप्त नाही. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून वापरलेली ती रोजच्या कारभाराची लिपी आहे. भोसल्यांच्या दप्तरात ती होती, सावकाराच्या खात्यात होती, आणि तेव्हाचा कोणताही कारकून ती सहज वाचत असे. आज ती वाचणारी माणसे कमी उरली आहेत, म्हणून ती आपल्याला कुटासारखी भासते. मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून रोज पानभर वाचले, तर काही आठवड्यांत तिच्याशी ओळख होऊ लागते.