‘कंटेम्प्ट’ : निशाणी ५ पासून उच्च न्यायालयापर्यंत

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात तूर्तातूर्त मनाई, म्हणजे ‘निशाणी ५’ च्या अर्जावर दाव्याचा निकाल लागेपर्यंत मिळालेली बंदी, मोडली गेली की पक्षकार म्हणतो, “कंटेम्प्ट टाका.” निफाड-दिंडोरीकडच्या वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यांत तर हमखास. मूळ लॅटिन क्रियापद ‘तेम्नेरे’, म्हणजे क्षुल्लक लेखणे. ‘कंटेम्प्ट’ त्यावरून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळला. त्यात शिवीगाळ नाही, किंमत न देणे आहे. मराठी ‘अवमान’ ऐकून मात्र न्यायाधीशाचा अपमानच डोळ्यांपुढे येतो आणि हुकूम न पाळणे, म्हणजे दिवाणी अवमान, मागे पडतो.

गुंता वाढला १७६५ मध्ये. सरन्यायाधीशावर टीका करणारी पुस्तिका विकली म्हणून लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्यावर कारवाई झाली. निकाल लिहून तयार होता, पण कागदांच्या शीर्षकात भलत्याच माणसाचे नाव पडल्याने प्रकरण बारगळले. तो लिहिणारे न्यायाधीश वारल्यावर, १८०२ मध्ये, त्यांच्या मुलाने तो छापला. न्यायालयाबाहेरच्या टीकेलाही ज्युरीशिवाय, न्यायालयाने स्वतःच शिक्षा करावी, हा विचार पुढे या न दिलेल्या निकालाच्या आधारे पक्का झाला. इतक्या मोठ्या अधिकाराला हा पाया फार कच्चा आहे. इंग्लंड-वेल्सने २०१३ मध्ये न्यायालयाच्या बदनामीचा हा गुन्हा काढून टाकला. आपल्याकडे १९२६ आणि १९५२ नंतरच्या १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यातही तो आहे. केलेले विधान खरे आहे, हा बचाव २००६ मध्ये आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्याखाली जिल्हा न्यायालय स्वतः शिक्षा देऊ शकत नाही. कलम १० प्रमाणे तो अधिकार उच्च न्यायालयाचा. म्हणून निशाणी ५ वरची मनाई मोडली तर त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली अर्ज करावा. मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. सोबत मनाईच्या आदेशाची नक्कल, बजावणीचा पुरावा, भंगाची तारीख, फोटो. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा आदेश समोरच्याला कळला होता हे सिद्ध न झाल्याने, किंवा आदेशात गट नंबर आणि चतुःसीमा मोघम असल्याने. दाव्याच्या अंतिम निकालात निरंतर, म्हणजे कायमच्या, मनाईचा हुकूमनामा झाला असेल तर नियम २अ लागू नाही; आदेश २१, नियम ३२ ची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लागते. थेट उच्च न्यायालयात जाणाऱ्याला बहुधा याच वाटेने परत पाठवले जाते, आणि कलम २० ची एक वर्षाची मुदत तोवर सरत असते.